वाट द्या थोडी

"सहावारीच नेसव," देवस्थळीवहिनी म्हणाल्या. "नऊवारीत चालेल कशी ती? उद्या पळायची वेळ आली तर?"

"पळायला नऊवारीच बरी, वहिनी. आमच्याकडं बायका भांगलायला जातात त्या काय सहावारी नेसून?"

"तू मला शिकवू नकोस, मालन. ते लोक सिनेमे बघतात. सिनेमातली बाई सहावारीत असते."

अब्रेहेत आमच्या दोघींच्या मधे परकर-पोलक्यात उभी होती. पोलकं माझं होतं, तिला खांद्यात घट्ट होत होतं. आमची भाषा तिला फारशी कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. तिनं एकदा वहिनींकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि इंग्रजीत विचारलं, "लग्न नक्की कुणाचं आहे?"

मला हसू फुटलं. वहिनी हसल्या नाहीत. शेवटी सहावारीच नेसवली.

इथिओपियातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीतली ही गोष्ट. आमचे हे तिथं पॅनमन होते, म्हणजे रस शिजवून त्याची साखर पाडणारे. सांगलीकडचे कारखाने आजारी पडत चालले, तशी आमच्याकडची बरीच माणसं पोट घेऊन तिकडं गेली. सोबत आलेल्या पोरांना घरचं जेवण हवं असायचं, म्हणून मी खानावळ काढली. देवस्थळीवहिनी चीफ केमिस्टसाहेबांच्या मिसेस. त्या माझ्या खानावळीत कधी जेवल्या नाहीत. पुरणपोळ्या मात्र डबा पाठवून मागवायच्या.

अब्रेहेत कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. तिचा नवरा कीरोस बॉयलरवर होता. आमची परसदारची भिंत एक. ती दोघं उत्तरेची, तिग्रे. त्या मुलखाशी सरकारची लढाई लागून वर्ष झालं होतं. लढाई लांब होती, पण राग जवळ आला होता. दुकानदार तिला साबण देईनासा झाला. मग एका सकाळी कीरोसला चौकशीसाठी म्हणून ट्रकमधे घालून नेलं. जिल्ह्याच्या गावी तुरुंगात ठेवलंय, असं अब्रेहेतनं मला सांगितलं. नंतर तिच्याच दाराची कडी कुणीतरी तोडली, तेव्हा ती भिंतीवरून उडी मारून माझ्याकडं आली आणि पिठाच्या पोत्यांमागं राहिली.

त्याच सुमारास कंपनीनं ठरवलं, भारतीय बायकांना राजधानीत हलवायचं. पुरुष मागं राहणार, कारण गाळप चालू होतं. "पॅन चढलेला असताना मी कसा उठू?" हे म्हणाले. "तू पुढं हो. आणि तिला घेऊन जा. गाडीत जागा आहे."

राजधानीत एका चर्चच्या आवारात अब्रेहेतची मावशी राहायची. जोगीण झालेली म्हातारी. तिथंवर पोचली की अब्रेहेत लपणार होती. अडचण एकच, नदीवरचा पूल. पुलापाशी आसपासच्या गावांतल्या माणसांनी आपला आपण नाका बसवला होता, आणि तिथं तिग्रे माणसांना खाली उतरवत होते. उतरवलेल्यांपैकी परत आलेलं कुणी कॉलनीत नव्हतं. पुलापलीकडं डांबरी हमरस्ता, तिथं परदेशी माणसांच्या गाड्या अडवत नाहीत. आमचे पासपोर्ट परमिटच्या कामासाठी राजधानीतल्या ऑफिसात होते, त्यामुळं कागद कुणाकडंच नव्हते. पुलापुरती अब्रेहेत माझी जाऊ व्हायची होती. बस्स.

आणि खरं सांगू का, ते अवघड नव्हतं. तिचं नाक सरळ, डोळे मोठे, आणि रंगानं ती माझ्यापेक्षा उजळ. मी काळी. सावळी वगैरे नाही, काळी. मला बघायला आल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी कामाला वाघ आहे. रंगाचं काय, दिवा लावला की दिसेल." तिकडं बाजारात गेले की भाजीवाल्या वहिनींशी खुणांनी बोलायच्या आणि माझ्याशी घडाघडा त्यांच्या भाषेत, त्यांच्यातलीच समजून. जन्मात पहिल्यांदा कुठंतरी माझा रंग कुणाच्या लक्षात आला नव्हता. मला तो देश आवडायचा, त्याचं ते एक कारण होतं.

"कपाळाचं काय?" वहिनींनी विचारलं.

अब्रेहेतच्या कपाळावर मधोमध गोंदलेला क्रूस होता, हिरवट, बोटाच्या पेराएवढा. लहानपणीच आजीनं गोंदून घेतलेला. माझ्या आईच्या कपाळावर अगदी तसंच हिरवं गोंदण होतं, फक्त क्रूसाच्या जागी तुळस. मी मेणाऐवजी व्हॅसलीन लावलं आणि त्यावर पिंजर दाबली. रुपयाएवढं कुंकू झालं तेव्हा कुठं क्रूस बुडाला.

"जत्रेतली देवी दिसतेय," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण चांगली दिसतेय."

मग राहिला गळा. वहिनींनी आपल्या मंगळसूत्रावर हात ठेवला. "माझं मी काढणार नाही. माझा माणूस जिवंत आहे."

माझाही जिवंतच होता, पॅनवर होता. मी माझं काढलं.

अब्रेहेतनं ते तळहातावर घेऊन बघितलं. "हे कोण घालतं?"

"जिचा नवरा आहे ती."

"आणि नवरा दूर असला तर?"

"तरी घालते. तेव्हा तर नक्कीच घालते."

ती काही वेळ काळ्या मण्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग मान खाली केली. "घाल," म्हणाली.

बांगड्या, जोडवी, चमकी, सगळं माझंच चढवलं. माझ्याकडं काठापदराची एकच साडी होती, ती तिच्या अंगावर. मी प्रवासाला बरा म्हणून जुना पंजाबी ड्रेस घातला आणि धुळीसाठी डोक्यावरून त्यांच्याकडची पांढरी ओढणी घेतली, रोज घ्यायचे तशीच. आरसा एकच होता आणि त्याच्यासमोर अब्रेहेत उभी होती. मला स्वतःकडं बघायचं सुचलं नाही.

ड्रायव्हर देसालेन, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं अब्रेहेतला साडीत गाडीत चढताना बघितलं, आरसा जरा वर फिरवला आणि गाडी सुरू केली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस. तुरे आलेला. वहिनी खिडकीशी, मधे अब्रेहेत, दाराशी मी.

"नाक्यावर काही बोल म्हणाले तर?" वहिनी म्हणाल्या. "हिला काहीतरी शिकव. शुभं करोति शिकव."

"ते तिच्या जिभेला वळायचं नाही. उखाणा शिकवते."

"उखाणा? मालन, तुझं डोकं फिरलंय."

पण अब्रेहेतनं तो शब्द ओळखला. माझ्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती भिंतीवरून वाकून बघत होती, तेव्हा बायका लाजत काय म्हणतायत असं तिनं विचारलं होतं. आम्ही अर्धं इंग्रजी, अर्धं त्यांचं अम्हारिक आणि मधेमधे माझी मराठी असं बोलायचो. मी तिला सांगितलं होतं की आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, 'हे' म्हणते, 'अहो' म्हणते. ती इतकी हसली होती की कीरोस बाहेर आला. ती रोज परसातून नावानं हाक मारायची त्याला, "कीरोस, पाणी! कीरोस, कोंबडी सुटली!" त्यांच्यात बाई लग्नानंतर स्वतःचं नाव बदलत नाही, बापाचंच नाव शेवटपर्यंत लावते, आणि नवऱ्याचं नाव म्हणजे फक्त हाक मारायची गोष्ट.

"नाव घ्यायचंच नाही, तर मग उखाण्यात का घेता?" आता तिनं गाडीत विचारलं.

"नवी नवरी घरी येते ना, तेव्हा नणंद दारात आडवी उभी राहते. आत सोडत नाही. नवरीनं नाव घेतलं की मग बाजूला व्हावंच लागतं तिला."

"व्हावंच लागतं?"

"रीत आहे."

"चांगली रीत आहे," अब्रेहेत म्हणाली. "शिकव."

मी जुळवलं ते असं होतं. उसाच्या कांड्यात रस, रसाला गोडी, विलासरावांचं नाव घेते, वाट द्या थोडी.

"विलासराव कोण?"

"माझा दीर. तू माझी जाऊ, म्हणजे तो तुझा नवरा."

"कसा आहे?"

"टेम्पो चालवतो. लग्न जमत नाही त्याचं."

"का?"

"दारू पितो."

अब्रेहेतनं पदर नीट केला. "राजधानी येईपर्यंत चालेल," म्हणाली. वहिनींना हसू आवरलं नाही. तोंडावर रुमाल धरून हसल्या, आणि मग त्यांनीच तिचं 'थोडी'तलं 'थ' दहादा घोटून घेतलं. "जीभ दातांना लाव. अशी. शाबास." पुलापर्यंत तिला उखाणा पाठ झाला होता. विलासरावांसकट.

दोन पिंपांवर निलगिरीचा ओंडका आडवा टाकला होता. सात-आठ तरुण, हातात काठ्या, एकाच्या खांद्यावर रायफल. पुढारी म्हणावा असा एक तिशीचा माणूस, हिरव्या स्वेटरमधला. सकाळचं ऊन वर आलेलं, तरी त्यानं स्वेटर काढला नव्हता.

"हिंद," देसालेन म्हणाला. म्हणजे भारतीय. "साखर कारखाना. राजधानीला."

हिरव्या स्वेटरवाल्यानं वाकून आत बघितलं. वहिनींकडं, मग अब्रेहेतकडं. कुंकू, मंगळसूत्र, चमकी. एक पोरगा मागून नाचल्यासारखे हात करून कुठल्याशा हिंदी नटीचं नाव घेऊन हसला. अब्रेहेतनं नजर खाली ठेवली, अगदी नव्या नवरीसारखी. झालं, मी मनात म्हटलं. ओंडका उचला आता.

"फोन आलाय," हिरवा स्वेटरवाला म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "हिंदी बायकांच्या गाडीत एक तिग्रे बाई लपून चाललीय." आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं. "तू. उतर."

मला आधी कळलंच नाही. मी मागं वळून बघितलं, माझ्यामागं कुणी आहे का. मागं दार होतं. ते उघडलं आणि कुणीतरी माझा दंड धरला.

"मी हिंद आहे," मी अम्हारिकमधे म्हणाले. ती चूक झाली. भाजीवालीशी घासाघीस करून करून माझे उच्चार चांगले झाले होते.

"ऐका, कशी बोलते," रायफलवाला म्हणाला.

मग मी मराठीत सुरू झाले. जे तोंडाला येईल ते. मी सांगलीची, माझं माहेर तासगाव, सोडा मला, तुमच्या आईला कळलं तर काय म्हणेल. त्यांना ते काहीच कळलं नाही. शब्द काय, कुणीही शिकतं. माझ्या गळ्यात काही नव्हतं, हातात काही नव्हतं, कपाळावरची टिकली घामानं कधी गळाली कोण जाणे. डोक्यावर त्यांच्याच बायकांची ओढणी. खरी हिंदी बाई कोणती, हे त्यांच्या डोळ्यांसमोर गाडीत बसलेलं होतं, नटूनथटून. आम्हीच नटवलेलं.

"ड्रायव्हर, कोणती ती?"

देसालेननं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "मी पुढं बघून गाडी चालवतो," म्हणाला. काठी त्याच्या पाठीत बसली. तो परत तेच म्हणाला.

वहिनी खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. त्यांनी नुसतं शेजारी बोट दाखवलं असतं तर काम झालं असतं. त्यांनी दाखवलं नाही. माझ्यासाठी भांडल्या. तिकडच्या लोकांसमोर त्या नेहमी जरा मोठ्या आवाजात बोलायच्या, तशाच बोलल्या, इंग्रजीत, "लीव्ह हर! शी इज अवर कुक!"

हिरवा स्वेटरवाला हसला. "हिंदी लोक स्वयंपाकीण काय हिंदुस्थानातून आणतात? स्वयंपाकिणी सगळ्या आमच्याकडच्याच असतात."

त्याला दोष देता येत नाही. कॉलनीतल्या प्रत्येक भारतीय घरात भांडी घासणारी बाई तिकडचीच होती. आणि वहिनींनी माझी तीन वर्षांत दुसऱ्या कुठल्या नावानं ओळख करून दिली नव्हती.

मला ओंडक्याच्या पलीकडं, उसाकडं ओढायला लागले. माझी चप्पल निघाली. मी अब्रेहेतकडं बघितलं नाही. बघावंसं वाटत होतं, पण बघितलं असतं तर त्यांनीही बघितलं असतं. मी आमच्या ह्यांचा विचार करत होते, की पॅन उतरल्यावर ह्यांना कोण सांगेल, आणि कुठल्या भाषेत.

तेव्हा गाडीतून आवाज आला. स्पष्ट, सावकाश, दवाखान्यात गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगायची तसा.

"उसाच्या कांड्यात रस, रसाला गोडी, कीरोसरावांचं नाव घेते, वाट द्या थोडी."

पोरं हसली. एकानं टाळी वाजवली. हिंदी बाईनं गाणं म्हटलं असं वाटलं त्यांना. पण हिरव्या स्वेटरवाल्याचा हात माझ्या दंडावर सैल झाला.

"कीरोस?" तो म्हणाला. ते नाव कुठल्या मुलखातलं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

अब्रेहेत उतरली. साडीत पाय अडकेल म्हणून निऱ्या धरून, वहिनींनी शिकवलं होतं तशी. पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून सगळं निघालं नाही, म्हणून परत पुसलं. लाल डागाखालून हिरवा क्रूस वर आला.

"बॉयलरवरच्या कीरोसची बायको मी," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "तिला सोडा. ती खरंच हिंदी आहे, आणि खरंच स्वयंपाकीण आहे."

पोरांच्या काठ्या खाली आल्या. आपण इतकी चूक करत होतो याचं त्यांना बहुतेक ओशाळल्यासारखं झालं असावं. माणसं अशा वेळीही ओशाळतात. ती माझ्याजवळ आली, मंगळसूत्र गळ्यातून काढलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. "अक्का, जा," मराठीत म्हणाली. खानावळीतली पोरं मला अक्का म्हणायची, तिनं तेच उचललं होतं.

मी तिचा हात धरला. मला तो धरून ठेवायचा होता. रायफलवाल्यानं मनगटावर दस्ता मारला. अजून थंडीत दुखतं. मग वहिनींनी मला मागून कंबरेला धरून गाडीत ओढलं. एवढी ताकद त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं. ओंडका उचलला गेला. मागच्या काचेतून मला माझी साडी दिसत होती, मोरपंखी, माणसांच्या मधून उसाकडं चाललेली. मग पुलाचा कठडा आडवा आला.

डांबरी हमरस्ता लागला.

"असं कसं चुकली ती?" मी शेवटी म्हणाले. "पाठ होतं तिला. विलासराव म्हणायचं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं."

"नाही चुकली ती, मालन," वहिनी म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

देसालेननं आरसा खाली फिरवला. "कीरोस मेलाय," म्हणाला. "ट्रक गावापर्यंत गेलाच नाही. मागच्या आठवड्यात कालव्यात सापडला. तिला मीच सांगितलं."

"ती तर म्हणाली, तुरुंगात आहे."

"सकाळी तुम्ही सामान आणायला आत गेलात, तेव्हा तुम्हाला सांगू नको म्हणाली. म्हणाली, अक्का ते गळ्यात घालणार नाही मग."

खरं होतं. मी घातलं नसतं. मी दुसरं काहीतरी शोधलं असतं, कुंकू लावलं नसतं, माझा हात पुढं झाला नसता. आणि क्रूस उघडा राहिला असता.

राजधानीत वहिनींना कंपनीच्या गेस्टहाउसवर सोडायचं ठरलं होतं, पण त्या उतरल्या नाहीत. "मी येते तिकडं," म्हणाल्या. चर्चच्या आवारात मागं मातीच्या खोल्यांची ओळ होती. शेवटच्या खोलीच्या दारात म्हातारी उभी होती, डोक्याला पिवळी टोपी, हातात काठी. तिनं आधी वहिनींकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग आमच्या मागं. मागं कुणी नाही हे दिसल्यावरही ती थोडा वेळ तिकडंच बघत राहिली.

मी माझ्या मोडक्या अम्हारिकमधे सांगितलं. जेवढे शब्द होते तेवढ्यात.

"मारलं तिला?" मावशीनं विचारलं.

"आम्ही होतो तोवर नाही."

"ओढून उतरवली?"

"नाही. स्वतः उतरली."

"का?"

मी माझ्या छातीवर हात ठेवला. 'माझ्यासाठी' हा शब्द मला त्या भाषेत येत होता, पण निघाला नाही.

म्हातारी रडली नाही. तिनं आम्हाला आत बसवलं. कोपऱ्यात गवती टोपलीखाली ताट झाकलेलं होतं. त्यांची आंबवलेली मोठी घावनासारखी पोळी, वर मसुराची लाल आमटी. एकाच माणसापुरतं. भाची येणार म्हणून सकाळीच करून ठेवलेलं. तिनं पोळीचा तुकडा तोडला, आमटीत घोळवून त्याचा घास केला आणि माझ्या तोंडासमोर धरला. त्यांच्यात असं भरवतात पाहुण्याला.

"नको," मी म्हणाले. "हे तिचं आहे."

"तिचंच आहे," मावशी म्हणाली. "तोंड उघड."

वहिनी शेजारी मातीच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडत होत्या. मी तोंड उघडलं. मावशी एकेक घास करून भरवत राहिली, मला हात लावू दिला नाही, ताटातली आमटी पोळीनं पुसून घेईपर्यंत. लोक मला विचारतात, तेव्हा तुला काय वाटलं, आणि मी काहीतरी सांगते. खरं ते एवढंच की सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, आणि मला भूक लागली होती, आणि मी सगळं खाल्लं.